उजवीकडचा आकडा

सत्कार आधी झाला आणि शंका मागून आली, सगळी पंचाईत त्यामुळे झाली. क्रम उलटा असता तर कुंदाने शंका एकटीने गिळली असती, दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं आणि प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं. पण दिग्रसच्या महिला मंडळाला धीर धरवला नाही. श्रावणातल्या कार्यक्रमात त्यांनी तिला शाल दिली, नारळ दिला, आणि अध्यक्षबाईंनी भाषणात तिला 'फुलपाखरू-संशोधिका' म्हटलं. कुंदा बसल्या जागेवरून हळूच 'पतंग' म्हणाली, पण माईक अध्यक्षबाईंच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, दिग्रसच्या गृहिणीने पतंगाची नवी जात शोधली म्हणून. फोटोत शाल छान आली होती. कुंदा तेवढी नाही.

नारळाच्या वड्या करून वाटून झाल्या. आणि मग भादव्यात, गणपती उठल्यावर, ती मेल आली.

ती मेल समजायची तर आधी पतंग समजायला हवा. दिसायला तो अगदीच साधा. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा, ज्वारीच्या वाळल्या धांड्याच्या रंगाचा, पुढच्या पंखावर एक तिरपी पुसट रेघ. भिंतीवर बसला तर डाग समजून बाई फडकं घेऊन यावी. त्याच्याच वंशातली एक जात शंभरेक वर्षांपूर्वी कुण्या साहेबाने नोंदवून ठेवलेली, आणि तीही दिसायला हुबेहूब अशीच. पंखांवरून दोघांत फरक करायची सोय नाही. फरक असतो तो नराच्या पोटाच्या अगदी टोकाला, त्याच्या जननेंद्रियात. तिथे डावी-उजवीकडे दोन कडक पाकळ्या असतात, मादीला धरून ठेवायला. जातीजातीला त्यांची घडण वेगळी. साहेबाच्या पतंगाला डाव्या पाकळीच्या आतल्या बाजूला एक आकडा होता, बाभळीच्या काट्यासारखा टोकाशी वळलेला, आणि उजवी पाकळी सपाट. कुंदाच्या पतंगाला आकडा उजव्या पाकळीला होता आणि डावी सपाट.

बस, एवढंच. सुईच्या अग्राहून बारीक अशा त्या आकड्याला अख्खी नवी जात लटकलेली.

कुंदाचे यजमान मधुसूदनराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, माझी सगळी नोकरी लोकांनी तारेवर टाकलेले आकडे काढण्यात गेली, आणि आता बायकोची अब्रू एका आकड्यावर आली.

हा फरक चारचौघींत सांगण्यासारखा नव्हता. महिला मंडळात कुंदाने 'शेपटीकडच्या बाजूला थोडं वेगळं आहे' एवढ्यावर निभावून नेलं. पण शेजारच्या तानाबाई अशा वरवरच्या उत्तराने जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ओट्यावर बसून, तुरीच्या शेंगा सोलाव्या तसं एकेक सोलून विचारलं.

"म्हंजे त्याचं ते पाह्यता तुम्ही?"

"हो."

"भिंग लावून?"

"हो, तानाबाई."

तानाबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आमच्या वक्ती तं नवऱ्याचं तोंड पाह्याची बी चोरी होती, बाप्पा."

तर ती मेल. ज्या शोधपत्रिकेकडे लेख पाठवला होता तिथल्या परीक्षकाने लिहिलं होतं, आणि फार सभ्यपणे लिहिलं होतं. कुंदाला वाटलं, जरा उद्धट असता तर रागवायची तरी सोय झाली असती. त्याचं म्हणणं असं, की लेखकांकडे नर एकच आहे आणि त्याचं ते टोक बसवलेली सूक्ष्मदर्शकाची काचही एकच. त्या काचेवर तो भाग चुकून पालथा बसवला गेला असेल, तर डावं ते उजवं दिसेल, आणि मग ही नवी जात नसून ती जुनीच जात आहे. तरी कृपया आणखी एका नरावरून खात्री करावी किंवा दावा मागे घ्यावा. मुदत दिवाळीपर्यंत.

याला उत्तर एका ओळीचं होतं: नाही, मी काच पालथी केलेली नाही. ती ओळ कुंदाला लिहिता येईना.

काम सगळं तिनेच केलं होतं, घरीच, जेवणाच्या टेबलावर. तिचं शिक्षण बी.ए. मराठी, तेही लग्नाआधी घाईघाईने उरकलेलं. पतंग तिला कोणी शिकवले नव्हते. व्हरांड्यातल्या दिव्याखाली सकाळी भिंतीवर जे बसलेलं सापडे त्याचे ती मोबाईलवर फोटो काढायची आणि इंटरनेटवरच्या पतंगवाल्यांच्या गटात टाकायची. तिथे पुण्याच्या एका संस्थेतला मंदार भेटला, वयाने तिच्या धाकट्या भावासारखा. त्याने फोनवरून सांगावं, हिने करून पाहावं, असं आठ-दहा वर्षं चाललं होतं. पोटाचं टोक कापायचं. ते कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात मऊ करायचं, त्यासाठी वाटी इडलीपात्रात ठेवून गरम करायची. (वाटी वेगळी होती, तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेली. मधुसूदनराव तरीही दरवेळी इडली खाण्याआधी विचारायचे.) मग ब्रशने खवले झाडायचे, पाकळ्या पुस्तकासारख्या उघडायच्या, आणि पोटाकडची बाजू वर येईल असं ठेवून काचेवर डिंकात बसवायचं. वरून पातळ काच दाबली की झालं. मग ते जन्मभर हलत नाही.

त्या एकुलत्या नराची काच केली त्या दिवशी ते टोक डिंकाच्या थेंबात ठेवलं आणि सिलेंडरवाला आला. तो एकदा गेला की चार दिवस येत नाही, म्हणून कुंदा तशीच फाटकाकडे धावली. परत आली तेव्हा तो कण थेंबाच्या एका कडेला सरकलेला होता. तिने सुईने तो मधे घेतला आणि काच दाबली. घेताना तो उताणा होता की पालथा झाला होता? इथे आठवण संपायची. सिलेंडरवाल्याच्या शर्टाचा रंग आठवत होता, सुट्ट्या पैशांवरून झालेली कटकट आठवत होती, पण तो कण नाही.

काच आता पुण्याला मंदारकडे होती. त्याने सूक्ष्मदर्शकात वरखाली करून पाहिली. कोणता भाग वर आणि कोणता खाली हे त्यात एरवी कळतं. फोन करून म्हणाला, "ताई, तुम्ही फार जोर लावलाय. पापड झालाय त्याचा. मला काही सांगता येत नाही."

"बरं."

"तुम्हाला आठवतं का?"

"नाही."

"मग दुसरा नर पाहिजे. नाही मिळाला तर लेख मागे घेऊ. लाज वाटून घेऊ नका, हे होतं सगळ्यांचं."

"सगळ्यांना शाल मिळते का रे?" कुंदा म्हणाली.



दुसरा नर आणायचा कुठून, हा प्रश्न तसा अवघड नव्हता आणि सोपाही नव्हता. पहिला आला होता तो भुलाबाईच्या खोपडीतून. इकडे भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर घरोघरी भुलाबाई बसते, पोरी संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत हिंडतात, आणि कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांची खोपडी, म्हणजे छोटं खोपटं, करून भुलोजी-भुलाबाईला तिच्यात बसवतात. गेल्या वर्षी तानाबाईंच्या घरची खोपडी बोळवण झाल्यावर पाण्यात सोडायला निघाली होती. कुंदाला एका धांड्याला बारीक भोक दिसलं, भोकातून भुसा सांडत होता. तिने ते धांडे मागून घेतले आणि मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून ठेवले. माघात त्यातून पतंग निघाले. माद्या चार-पाच आणि नर एक. म्हणून तर लेखात जातीला नाव सुचवलं होतं भुलाबाईचं. हे कळल्यापासून तानाबाई गल्लीत जरा वेगळ्या चालायच्या. आपल्या घरची भुलाबाई इंग्रजीत जाणार, हे त्यांनी भाजीवालीपासून नागपूरच्या सुनेपर्यंत सर्वांना सांगून ठेवलं होतं.

शंकेचं मात्र त्यांना कुंदाने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की अजून एक नमुना हवा, धांडे लागतील.

धांडे आता पूर्वीसारखे मिळत नाहीत. जिकडे पाहाल तिकडे कापूस, सोयाबीन, मधे तुरीची ओळ. ज्वारी पेरायची म्हणजे पाखरांना आणि डुकरांना जेवायला बोलावण्यासारखं, म्हणून लोकांनी ती सोडूनच दिली. तानाबाईंचे भाऊ पुंडलिकराव तेवढे त्यांच्या गावी, बोरी अरबला, बैलांसाठी म्हणून बांधालगत चार ओळी टाकत. गेल्या वर्षीची खोपडी त्यांच्याच धांड्यांची होती. म्हणून दोघी जणी दारव्ह्याला बस बदलून बोरी अरबला गेल्या.

पुंडलिकरावांच्या गोठ्यामागे गेल्या सालच्या कडब्याची गंजी होती, निम्मी खाल्लेली. कुंदा तिच्याशी पाट घेऊन बसली आणि एकेक धांडा विळ्याने उभा चिरू लागली. आतला भेंड शाबूत असला की बाजूला, भुसा दिसला की डोळ्यांशी. पुंडलिकराव हातात तंबाखू घेऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी पाहुणीचा मान राखला, मग विचारलं.

"हा किडा चांगला का खराब?"

"चांगला-खराब असं काही नसतं हो."

"खाते काय?"

"कडबा."

"मंग खराब."

"थोडासाच खातो, पुंडलिकराव."

"पण माहाच खाते न." तरी त्यांनी स्वतः गंजीच्या बुडातून जुन्या पेंढ्या ओढून दिल्या, कारण किडा असलाच तर बुडाशी असंन, असं त्यांचं म्हणणं. ते खरं निघालं. दुपार कलेपर्यंत कुंदाला मूठभर कोष मिळाले, धांड्याच्या पोकळीत रेशमाची चादर ओढून झोपलेले, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. कोषात नर की मादी हे पोटाच्या टोकाकडून ओळखता येतं म्हणतात. कुंदाला ते कधी नीट जमलं नव्हतं, आणि रेशीम फाडून कोष उलटसुलट करायची आता तिची हिंमत नव्हती. धांड्यांचे वीतभर तुकडे तसेच घेऊन ती परतली.

घरी तिने ते तुकडे स्टीलच्या डब्यात ठेवले आणि झाकणाला खिळ्याने बारीक भोकं पाडली. डबा तिच्या रुखवतातल्या संचातला. झाकणावर कोरलेलं, सौ. कुंदा मधुसूदन. तसाच दुसरा डबा त्या दिवशी ओट्यावर शेजारी होता, त्यात खिरापत होती.

आता खिरापत म्हणजे काय, तर भुलाबाईची गाणी संपली की पोरींना जो खाऊ मिळतो तो. तो असाच मिळत नाही. डबा झाकलेला असतो. हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय ते ओळखायचं. ओळखेपर्यंत कोणी झाकण काढायचं नाही. त्या दिवशी खिरापतीची पाळी कुंदाची होती. तिने शंकरपाळे केले होते आणि तानाबाईंना सांगितलं होतं, मला यायला उशीर होईल, डबा ओट्यावर आहे, घेऊन जा.

तानाबाई आल्या, डबा घेतला, गेल्या.

कुंदा केस विंचरून निघाली तेव्हा ओट्यावर शंकरपाळ्यांचा डबा तसाच होता. तिला आधी वाटलं तानाबाई विसरल्या. मग शेजारची मोकळी जागा दिसली. मग शेजारच्या घरातून आवाज आला. गाणी संपली होती. पंधरा-वीस पोरी एकदम बोलत होत्या. मुरमुरे. नाही, करंज्या. करंज्या अशा वाजतात का? चकल्या, चकल्या. आण इकडे, तुले हलवताच येत नाई. आणि प्रत्येक नावागणिक डबा या हातातून त्या हातात जात होता आणि गदागदा हलत होता.

कुंदा त्या अंगणात कशी पोचली ते तिला नंतर सांगता येईना. एक चप्पल फाटकाशी राहिली होती. ती ओरडली नाही. तिने पोरींच्या मधे जाऊन दोन्ही हात पुढे केले, देवळात प्रसादाला करतात तसे, आणि डबा त्यांत येईपर्यंत तशीच उभी राहिली. झाकण काढलं. धांड्यांचे तुकडे उसवले होते. काही कोष बाहेर पडून चिरडले होते, हिरवट पाण्याचा डाग तळाला.

"हे काय खाची वस्तू हाय?" एका पोरीने विचारलं.

तानाबाईंचा चेहरा उतरला.  कुंदा म्हणाली, चूक माझीच, दोन्ही डबे सारखे. पोरींना शंकरपाळे आणून दिले, त्यांनी न ओळखताच खाल्ले. मग दोघी मागच्या दारात बसल्या आणि तिथे कुंदाने पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती काच, तो सिलेंडरवाला, मेल, मुदत. नर मिळाला नाही तर जात नाही, जात नाही तर नाव नाही. तानाबाईंनी पदराने हात पुसले, पुसलेले परत पुसले.

"म्हंजे गल्लीत सांगलं ते सारं वापस घ्या लागन?"

"लागेल."

"अन् हे मले आता सांगून राह्यल्या?"

"मलाच सांगवत नव्हतं, तानाबाई."

दुसऱ्या दिवशी तानाबाई घरात दिसल्या नाहीत. संध्याकाळी रिक्षा थांबली आणि तिच्यातून आधी कडब्याच्या दोन पेंढ्या उतरल्या आणि त्यांच्या मागून, केसांत पाचोळा अडकलेल्या, तानाबाई. एकट्या बोरी अरबला जाऊन आल्या होत्या. कंडक्टरने बसमध्ये कडबा घेऊ देईना म्हणून दारव्ह्याला भांडल्या होत्या, आणि भांडण जिंकल्या होत्या. स्टँडवरून घरापर्यंत तेवढी रिक्षा केली. कुंदा काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, चिरा आता, मी बी बसतो संगं.

त्या पेंढ्यांत दोनच कोष मिळाले. दोन्ही रिकामे, आतलं पाखरू केव्हाच उडून गेलेलं.

उरले ते हलवलेल्या डब्यातले. जे धड दिसत होते ते कुंदाने काचेच्या बरणीत कापसावर ठेवले, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवली, जिथे ऊन येत नाही आणि मुंग्याही येत नाहीत. मग रोज सकाळी उठून आधी बरणी, मग चहा. मधुसूदनराव झोपेतूनच विचारायचे, काय? ती म्हणायची, काही नाही.

पहिला पतंग निघाला तो कोजागरीच्या आठवडाभर आधी. कुंदाने भिंगाखाली त्याचा मागचा पंख उचलून पाहिला. पंखाच्या मुळाशी नराला एकच राठ केस असतो, मादीला दोन-तीन. त्याला तीन होते. मादी. दुसरा निघाला, मादी. तिसऱ्याचे पंख उमललेच नाहीत, गोळा होऊन राहिले, आणि तीही मादीच. तानाबाई रोज फाटकातून मान घालून विचारायच्या आणि रोज 'पोरगी' असं उत्तर घेऊन जायच्या. एरवी त्या पोरीबाळींची बाजू घेऊन भांडणाऱ्या बाई, पण या वेळी त्यांनाही पोरगाच हवा होता. आणि त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती.

कोजागरी झाली. भुलाबाईची बोळवण झाली. मंदारचा फोन येईनासा झाला, तोच मोठा निरोप होता. कुंदाने मनातल्या मनात अध्यक्षबाईंना काय सांगायचं ते जुळवायला घेतलं. आपल्याकडून चूक झाली, असं सरळ वाक्य. ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं. तसं जमत होतं.

मग वसुबारसेच्या सकाळी बरणीच्या मलमलीला आतून एक पतंग उलटा लटकलेला होता. कुंदाला आता आशा नावाची गोष्ट नकोशी झाली होती, म्हणून तिने आधी चहा केला. मग बरणी थोडा वेळ फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. मग भिंग, मग सुईने मागचा पंख वर.

एकच केस.

तिने पुन्हा पाहिला. एकच.

या वेळी तिने ठरवलं होतं की कापायचं नाही, आधी नुसतं पाहायचं. टोकाचे खवले ब्रशने झाडले की पाकळ्यांची कड अंगावरच असताना दिसते, आणि अंगावर असताना डावं-उजवं बदलायला कुणाच्या बापाची छाती नाही. तिने दोन नळ्यांचा छोटा सूक्ष्मदर्शक ओढला. त्यात जसं आहे तसंच दिसतं, मोठ्या सूक्ष्मदर्शकासारखं चित्र उलटत नाही. पतंग डोकं पलीकडे करून ठेवला, दोन नंबरच्या ब्रशने टोक झाडलं, चिमट्याने पोट हलकेच दाबलं. धुळीसारखे खवले उडाले. दोन पाकळ्या उघडल्या, मधासारख्या पिवळसर, कडांना केस. आणि एका पाकळीतून आकडा बाहेर आलेला, टोकाशी वळलेला, अगदी स्वच्छ.

डावीकडे.

कुंदाने डोळे बाजूला घेतले, मिटले, परत लावले. डावीकडे. उजवी पाकळी सपाट होती, तव्यावर टाकायच्या पोळीसारखी.

म्हणजे साहेबाचा पतंग. शंभर वर्षांपूर्वी नोंदवलेला, दिग्रसला राहायला आलेला, एवढंच. तिला रडू आलं नाही. पाठ एकदम दुखायला लागली, महिनाभराची सगळी. तिने तिथूनच हाक मारली की अहो, डावीकडे आहे, आणि आपला आवाज इतका साधा कसा आला याचं तिला नवल वाटलं.

मधुसूदनराव चहाचा कप घेऊन आले. टेबलाच्या पलीकडे उभे राहिले.  अशा वेळी ते मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सैल करायचे आणि परत लावायचे. आताही तेच करू लागले. कुंदा त्या पट्ट्याकडे बघत बसली, दुसरीकडे बघायला काही नव्हतं म्हणून.

"घड्याळ कोणत्या हातात आहे तुमच्या?"

"डाव्या. का गं?"

ते घड्याळ तिला तिच्या उजव्या अंगाला दिसत होतं. कारण ते तिच्याकडे तोंड करून उभे होते. आणि पतंग? पाकळ्या नीट उघडाव्यात म्हणून तिनेच तर त्याला पाठीवर निजवलं होतं. पोट वर, पाय वर. त्याचं पोट तिच्याकडे होतं.

कुंदाने चष्मा काढून पुसला. मग सुई घेतली. पतंगाला इतक्या हळू पालथं केलं, की पोट टेबलाकडे, पाठ वर, डोकं पलीकडे, जसा तो भिंतीवर बसतो तसा. आता त्याचं उजवं ते तिचंही उजवं. तिने डोळे लावले. वरून पाकळ्यांचं फक्त टोक दिसत होतं, पण तेवढं पुरे होतं. टोकापाशी, उजवीकडे, काटा.

तिने त्याला परत उताणा केला. डावीकडे. परत पालथा. उजवीकडे. तिसऱ्यांदा करायचा मोह तिने आवरला, बिचाऱ्याचा एक पाय आधीच गेला होता.

"इकडे या. बघा आणि मला काही न विचारता सांगा, आकडा कुठल्या बाजूला?"

मधुसूदनराव वाकले. त्यांनी एक डोळा मिटला, तो उघडून दुसरा मिटला. चाळीस वर्षं लोकांच्या मीटरमध्ये डोकावलेला माणूस, घाईने बोलायची सवय नाही.

"तुझ्या की त्याच्या?"

"त्याच्या."

"उजव्या."

कुंदा हसायला लागली आणि हसताना मघाचं न आलेलं रडू आलं, तेही थोडंसंच. म्हणजे सिलेंडरवाला आला त्या दिवशीही हातांनी बरोबर केलं होतं, डोकं फाटकाकडे धावलं तरी. मधुसूदनरावांनी चहाचा कप पतंगापासून लांब सरकवला, हे मोठं शहाणपण केलं.

फोटो पाठवल्यावर मंदारचा फोन दोन मिनिटांत आला. त्याने उताणा-पालथा दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली. म्हणाला, ताई, लेख मागे घ्यायची मेल मी लिहून ठेवली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस झाले, पाठवायला हात होत नव्हता. कुंदा म्हणाली, काढून टाक मग. तो म्हणाला, काढली. मग त्याने लगेच कामाचं सुरू केलं, याचीही काच करावी लागेल, दाबू नका, हळू घ्या. ती म्हणाली, आज नाही. आज मी त्याला हात लावणार नाही आणि कोणी फाटकाशी आलं तरी उठणार नाही.

तानाबाई मात्र आल्याच, त्यांना मधुसूदनरावांनी भिंतीवरून सांगितलं असावं. अंगणातून सरळ टेबलापाशी. "पोरगा?"

"पोरगा. आणि आकडा जिथे पाहिजे तिथे."

तानाबाई खुर्चीवर टेकल्या. सूक्ष्मदर्शकातून पाहायचं म्हटल्यावर त्यांनी आधी पदर डोक्यावर घेतला, मग पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्यांना काय दिसलं देव जाणे. वर मान करून म्हणाल्या, "कोन्या डब्यातला?"

"तुम्ही नेलात त्याच."

"हालवल्यानंच जागा झाला असंन," तानाबाई म्हणाल्या आणि उठल्या, कारण गल्लीत अजून कुणालाच माहीत नव्हतं.

मग कुंदा परीक्षकाला उत्तर लिहायला बसली. इंग्रजीत लिहिताना तिला शब्दकोश लागायचा, आज तो शोधायचाही कंटाळा आला. पहिल्यांदा लिहिलं ते फार तोऱ्यात गेलं, ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते इतकं नम्र झालं की जणू आकडा उजवीकडे असल्याबद्दल माफी मागितली होती. तेही खोडलं. शेवटी तिने जसं झालं तसं लिहिलं. तुमची शंका योग्य होती. माझ्याकडे खात्री नव्हती. आता दुसरा नर मिळाला आहे, तो अखंड असताना पाहिला, आकडा उजव्या पाकळीला आहे, फोटो जोडले आहेत. आभार. हे आभार तिने मनापासून लिहिले. त्याने विचारलं नसतं तर ती शाल अंगावर घेऊन ती जन्मभर वावरली असती, आणि आतून एक सिलेंडरवाला कधी ना कधी फाटक वाजवत आला असता.

मेल गेली. बाहेर गल्लीत कुठे तरी तानाबाईंचा आवाज येत होता, मग तो पुढच्या घरी गेला. मधुसूदनरावांनी डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला होता, पाणी जरा जास्तच घातलं असावं, कारण तो फसफसत होता. एक शिट्टी झाली. आणखी एक झाली. तिसरीला गॅस बंद करायचा असतो हे त्यांना माहीत आहे की नाही, याचा विचार करता करता कुंदा खुर्चीतच, चष्म्यासकट, झोपून गेली.